पोटनिवडणूक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमदाराने राजीनामा दिला की किती दिवसांत पोटनिवडणूक होते? (एक वाचक, शिरोडा, गोवा)

जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांत. राजीनाम्याचे पत्र दिल्याने जागा रिक्त होत नाही, सभापतींनी ते स्वीकारावे लागते. आमदारकीची मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सहा महिन्यांची सक्ती लागू नाही. अडचण आहे असे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केले तरी सूट मिळते. पणजीची जागा मनोहर पर्रीकरांच्या निधनाने 17 मार्च 2019 रोजी रिकामी झाली आणि 19 मे रोजी मतदान झाले. निवडून येणारा मात्र उरलेल्या मुदतीपुरताच आमदार. आणि हो, राजीनामा देणाराच पुन्हा उभा राहू शकतो. तुमच्याच शिरोड्यात 2019 मध्ये सुभाष शिरोडकर पक्ष बदलून उभे राहिले आणि 76 मतांनी निवडून आले.

प्रश्न: पणजीहून म्हापशाला राहायला आलो. पोटनिवडणूक लागली तर नाव कसे हलवू?

फॉर्म 8 भरा, फॉर्म 6 नव्हे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: लोक नवा मतदार म्हणून फॉर्म 6 भरतात, मग नाव दोन्हीकडे राहते, आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. फॉर्मसोबत म्हापशाच्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे वीज बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार जोडा.

वेळ मात्र फसवी असते. उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस उलटला की यादीत बदल होत नाही. अधिसूचनेनंतर तो दिवस सातव्या दिवशी येतो, आणि तुमचा अर्ज आल्यावर हरकतींसाठीही सात दिवस ठेवावे लागतात. म्हणजे अधिसूचना पाहून मामलेदार कचेरीत धावलात तर उशीरच झाला. तारखा जाहीर होण्याची वाट न पाहता बीएलओला, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, गाठा.

प्रश्न: म्हापशात पोटनिवडणूक असताना पेडण्यातल्या रस्त्याचे काम का अडते?

आचारसंहिता सहसा मतदारसंघापुरती नसते, ती अख्ख्या जिल्ह्याला लागते. राजधानी किंवा महानगरपालिकेच्या हद्दीतला मतदारसंघ असेल तरच ती त्या मतदारसंघापुरती राहते. म्हणून पणजीत पोटनिवडणूक असली तर पेडण्याला त्रास नाही, म्हापशात असली तर आहे, कारण दोन्ही उत्तर गोवा जिल्ह्यात. तरी कार्यादेश (वर्क ऑर्डर) निघून जागेवर आधीच सुरू झालेले काम थांबवायचे नसते, नवी कामे जाहीर करणे आणि कोनशिला बसवणे बंद. कंत्राटदार 'आचारसंहिता' म्हणून खडी टाकून गेला असेल तर कार्यादेशाची तारीख विचारा.