नागपुरात दर पावसाळ्यात वायपर कटकट करतात आणि काचेवर रेषा सोडतात. दरवेळी ब्लेड बदलायलाच हवेत का?

नाही. मीही दोन पावसाळे निमूटपणे नवे ब्लेड घेतले आणि पंधरा दिवसांत पुन्हा तीच कटकट ऐकली. तिसऱ्या वर्षी सक्करदऱ्यातल्या एका मेकॅनिकनं ब्लेड विकायच्या आधी विचारलं, "भाऊ, काच धुतली काय?" रोजच धुतो म्हटलं. त्यानं मगभर पाणी काचेवर सोडलं. पाणी सलग पसरायच्या ऐवजी ठिपक्याठिपक्यांत तुटलं. म्हणजे काचेवर तेलकट थर होता. ट्रकच्या धुराचा असेल, नाहीतर वॉशिंगवाल्यानं हौसेनं मारलेल्या पॉलिशचा. अशा काचेवर रबर घसरत नाही, अडकतं आणि उडी मारतं. ती उडी म्हणजेच तुमची कटकट.

तेव्हा आधी भांड्यांचं लिक्विड आणि स्पंजनं काच घासा, भरपूर पाण्यानं धुवा. मग ओल्या फडक्यानं रबराची धार पुसा. फडकं काळंकुट्ट होईल, घाबरू नका. बारीक रेषा बहुतेक वेळा एवढ्यानंच जातात.

तरी आवाज राहिला, तर तो कोणत्या बाजूला जाताना येतो ते ऐका. वायपर दिशा बदलतो तेव्हा रबराची धारही दुसऱ्या अंगावर पडायला हवी. आपल्याकडे वायपर ऑक्टोबरपासून जूनपर्यंत जवळपास एकाच जागी पडून असतात, त्यात मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊन. रबर एका अंगावर वाकून तसंच कडक होतं. मग जाताना गुपचूप आणि येताना खडखड. हे रबर धुऊन सुधारत नाही, बदलाच. (कधी वायपरचा दांडा पिळलेला असतो, तेव्हाही अशीच लक्षणं दिसतात. नव्या ब्लेडनंही आवाज गेला नाही तर दांडा तपासून घ्या.) मधोमध न पुसलेला रुंद पट्टा राहत असेल, तर ब्लेडचा दाब सगळीकडे सारखा पडत नाहीये.

आता माझी फजिती. अमरावतीहून येताना कोंढाळीच्या अलीकडे पाऊस लागला. रबराचं एक टोक आधीच सुटलेलं होतं, चालतंय तोवर चालवू म्हणून मी तसंच ठेवलं होतं. ते निघालं आणि ब्लेडचा पत्रा काचेवर करकरत फिरला. थांबेपर्यंत अर्धगोल ओरखडा पडला होता. रात्री समोरून दिवे आले की अजूनही तो चमकतो. काच बदलायचा खर्च विचारून आलो आणि गप्प बसलो.

कोरडा वायपर तर कधीच फिरवू नका. धूळ आणि कडुलिंबाच्या फुलांचा सडा काचेवर असताना तो फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर घासणं. आधी पाण्याची फवारणी, मग वायपर. फवारणीच्या पाण्याच्या टाकीत बोअरचं पाणी भरू नका, क्षार नोझलमध्ये बसतात. कपड्यांची पावडर तर नकोच. फिल्टरचं पाणी आणि थोडं वॉशर लिक्विड पुरतं. पाण्याची धार वाकडी किंवा बारीक झाली की नोझलमध्ये सुई हलकेच फिरवायची.

ब्लेड घेताना दोन्ही बाजूंची लांबी मोजून जा, बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरकडचा लांब असतो. जुन्या पत्र्याच्या फ्रेमचे असतील तर नुसतं रबरही मिळतं, आणि ते बरंच स्वस्त पडतं. ब्लेड काढल्यावर उभ्या दांड्याखाली काचेवर जाड टॉवेल टाका. हात सुटला आणि स्प्रिंगच्या जोरानं नुसता दांडा आपटला तर काच तडकते.

मी नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला की वायपर बघतो, मृगाचा पाऊस पडायच्या आत. पाऊस सुरू झाल्यावर दुकानात गर्दी असते आणि आपल्या मापाचा ब्लेड नेमका संपलेला असतो.

तुमचा आवाज जाताना येतो की येताना, की दोन्हीकडे, तेवढं पाहून सांगा.