आप्पांचा पहिला मार्च

"वडील रिटायर झाल्यापासून गावी एकटेच राहतात. फोन उचलत नाहीत, काही करत नाहीत. डिप्रेशन तर नसेल ना?"

हा प्रश्न घेऊन मुलं लातूरला माझ्याकडं येतात. बहुतेक पुण्याहून येतात आणि बहुतेक शनिवारी. महाशिवरात्र झाल्यावर आलेला हा मुलगा त्यांच्यातलाच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वडील तहसीलमध्ये अव्वल कारकून होते, मागच्या ३१ मेला निवृत्त झाले. त्या पिढीत मास्तरांनी शाळेत घालताना सरसकट १ जून लिहून टाकला, त्यामुळं आमच्याकडं निम्मी माणसं ३१ मेलाच निरोपाचा नारळ घेतात. आई तीन वर्षांपासून पुण्यात, नातू सांभाळायला. वडील अहमदपूर तालुक्यातल्या गावी, शेतातल्या दोन खोल्यांत.

"रोज काहीतरी रडगाणं असतं, मॅडम. लाईट नाही, बोअर आटला, गुडघा दुखतो. पुण्याला चला म्हटलं की विषय बदलतात. सकाळी सात ते अकरा तर फोनच लागत नाही. सालगड्याला विचारलं, तर म्हणतो, बांधावर बसून झाडाकडं बघत असतात."

झाडाकडं बघत बसणारा बाप म्हटल्यावर पोराच्या पोटात गोळा येणारच. मी आप्पांना घेऊन यायला सांगितलं.

आप्पा आले ते धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, रुमालात बांधलेला हरभऱ्याचा ढाळा घेऊन. जेवण नीट, झोप नीट, वजन घटलेलं नाही. तारीख-वार विचारला तर त्यांनी तिथीही सांगितली. वयस्कर माणसांची उदासी तपासायला पंधरा प्रश्नांची एक यादी असते. गुण पाचाच्या वर गेले की पुढं नीट तपासायचं. आप्पांना मिळाला १.

"पूर्वीच्या बऱ्याच गोष्टी सोडून दिल्यात का?" या प्रश्नावर ते म्हणाले, "सोडल्या की. ३४ वर्षांच्या फायली सोडल्या."

नियमाप्रमाणं तो एक गुण मला द्यावाच लागला. थायरॉइड, बी-१२, साखर तेवढी तपासून घ्या म्हटलं. आणि मग मी चुकले. पाठ केल्यासारखा सल्ला दिला: वेळापत्रक करा, ज्येष्ठ नागरिक संघात जा, गावातल्या पोरांना शिकवा. रिकामा माणूस दिसला की त्याला कामाला लावायचं, ही आमच्या धंद्याची खोड.

आठवड्यानं आप्पा एकटेच एसटीनं आले. कार्यालयीन टिप्पणी असते तसा कागद पुढं ठेवला. पहाटे ५.००, शेजारच्या रानात करडईची काढणी पाहणे (दव असेपर्यंतच, ऊन चढले की काटे कडक होतात). ७.००, पळस. ९.००, पळसच. ११.००, जेवण.

"वेळापत्रक मागितलं होतंत. चार तास पळस बघतो, खोटं कशाला लिहू?"

"काय दिसतं चार तास?"

इथं ते जे बोलायला लागले, ते मी मध्ये तोडलं नाही. पान एक नाही आणि झाड नुसतं पेटलेलं. आधी साळुंक्या येतात, मग बुलबुल, चोची फुलांत घालून रस पितात, भांडतात. खाली फुलांचा सडा, शेळ्या तो खात फिरतात. पलीकडं काटेसावर लालभडक. गावरान आंब्याचा मोहोर झडून बाजरीएवढ्या कैऱ्या धरलेल्या. हे झाड त्यांच्या आजोबांच्या वेळचं. पण त्यांनी नोकरीत असताना ते फुललेलं कधी पाहिलंच नव्हतं. मार्च म्हणजे मार्चअखेर, वसुलीचं उद्दिष्ट, बिलं, अनुदान परत जाऊ नये म्हणून रात्री उशिरापर्यंत ट्रेझरीत खेटे. चौतीस मार्च असेच गेले. एप्रिलमध्ये गावी यावं, तर झाडाला शेंगा लोंबत असायच्या.

मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, मला लई बरं वाटूलालंय. हीच तर अडचण हाय."

बायको पुण्यात पाचला उठून डबे भरते, नातवाला शाळेच्या गाडीत बसवते. तिची नोकरी कुठल्याच ३१ मेला संपत नाही. आणि आपण इथं फुलं बघत बसतो, हे तिला सांगायचं कसं? म्हणून रोज फोनवर एक दुखणं तयार. बोअर खरा आटलेला, पण पिण्यापुरतं पाणी विहिरीला होतं. गुडघा तर बिचारा ठणठणीत. तिला वाईट वाटू नये म्हणून बोललेलं खोटं पोराच्या कानात आजार होऊन बसलं होतं.

खरी उदासी वेगळी असते. आवडीचं काहीच उरत नाही, पहाटे दचकून जाग येते ती काळजीनं, अन्न गोड लागत नाही, जगणं ओझं वाटतं, आणि हे दोन आठवडे सरत नाही. तसं दिसलं तर झाडाखालच्या शांततेवर भिस्त ठेवू नका. डॉक्टरांकडं न्या, किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. बोलून मोकळं होता येतं, पैसे लागत नाहीत. मात्र गप्प बसलेला प्रत्येक म्हातारा उदास नसतो, आणि रोज कुरकुरणाराही नसतो.

मुलाची भीती मात्र अगदीच फोल नव्हती. रानात एकटा माणूस, पाय घसरला, पान लागलं (साप चावला), तर कळणार कसं? तेवढ्यापुरतं ठरवलं. फोन खिशात ठेवायचा, रात्री आठला बोलायचं, सालगड्याचा आणि भावकीतल्या एकाचा नंबर मुलाकडं राहील.

खरं काम आईशी बोलण्याचं होतं. व्हिडिओ कॉलवर आप्पांनी मान खाली घालून कबुली दिली. त्या भाजी निवडतच होत्या. "मला ठाऊक हाय," म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मार्चमध्ये ह्यांचा आवाज असा कधी ऐकला न्हाई. गुडघा दुखणारा माणूस असा बोलत नसतो." मग थांबून मुलाकडं बघितलं. "आन् मला कुणी इचारलंय का, मला कुठं ऱ्हायचंय?"

पलीकडं कुणीच बोललं नाही. मीही नाही. दोन्ही भेटींत मलाही ते सुचलं नव्हतं.

पाडव्याला त्या आठ दिवसांसाठी गावी आल्या. तोवर पळस गळून गेला होता, कडुनिंब मोहोरला होता. चैत्र सरत आला तेव्हा आप्पांचा फोन आला.

"मॅडम, ही म्हणूलालीय, पाऊस पडल्याबगर जात न्हाई. आता पोराचा फोन येईल तुम्हाला."

दोन दिवसांनी आला. शनिवारी.