मॉडेल जहाज बांधताना कील सरळ धरून ठेवणारा जिग घरी कसा करावा आणि तो वापरावा कसा?

तुम्ही पहिलंच लाकडी जहाजाचं किट आणलंय, प्लायवूडची कील (जहाजाचा खालचा लांब कणा) आणि तिच्या खाचांत बसणारे बल्कहेड (जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराच्या फळ्या) सुटे करून ठेवलेत, आणि आता कील उभी धरायला जिग, म्हणजे पकडून ठेवणारा साचा, बाहेरून मागवावा की घरी करावा असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर घरीच करा. विकतचे जिग वाईट नसतात. इटलीच्या अमाती कंपनीचा लाकडी जिग बऱ्याच जणांच्या टेबलावर असतो. पण त्या जिगचं मुख्य काम कील पकडणं, आणि पकडणं हा या कामातला सोपा भाग आहे. कील सरळ आहे का, बल्कहेड काटकोनात बसला का, डावी-उजवी बाजू सारखी आहे का, हे कळतं ते कीलला दोन्हीकडून धरणाऱ्या जबड्यांखालच्या पाटावर आखलेल्या रेषांवरून. तो पाट तुमच्या जहाजाच्या मापाचा हवा, आणि तसा तो घरीच होतो.

एवढा आटापिटा कशासाठी, तर कील-बल्कहेडचा सांगाडा थोडा जरी पिळलेला राहिला तरी बाहेरून लाकडी पट्ट्या मारताना तो पाठ सोडत नाही. एका बाजूची पट्टी गुमान बसते, दुसऱ्या बाजूची तीच पट्टी बल्कहेडपासून उचलते. पट्ट्या दोन्ही बाजूंना बसल्या की पीळ कायमचा आत अडकतो, मग कितीही घासा.

मी सध्या 'ट्रिंकोमाली' नकाशांवरून बांधतोय, 1:64 प्रमाणात, म्हणून मापं त्याचीच देतो. हे जहाज आपल्या मुंबईच्या गोदीतलं. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ते सागवानात बांधलं, 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते पाण्यात उतरलं, आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. कील घातली तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे वाडियांनी तिच्यात चांदीचा खिळा ठोकला होता. दोनशे वर्षांनंतरही ते जहाज तरंगतंय ही गोष्ट मला कील घासताना दर वेळी आठवते आणि हात आपोआप जपून चालतो. खऱ्या जहाजाची कील सुमारे 125 फूट आणि रुंदी जवळजवळ 40 फूट, म्हणजे मॉडेलमध्ये कील 60 सेंटीमीटर आणि रुंदी 19 सेंटीमीटर. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंतची लांबी अर्थात कीलपेक्षा बरीच जास्त.

आधी पाट. मी 90 बाय 30 सेंटीमीटरचा घेतला. जहाजापेक्षा पाट दोन्ही बाजूंना रुंद हवाच, कारण बल्कहेडच्या टोकावरून खाली गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार) लावायचा असतो आणि तो टेकायला जागा लागते. साधा प्लाय टाळा, दुकानातला तुकडा बहुतेक वेळा थोडा पिळलेला असतो. नुसता एमडीएफ सपाट असतो खरा, पण पावसाळ्यात ओल धरतो, आणि एकाच बाजूला मायका लावलात तर वाकतो. सगळ्यात सोयीचं म्हणजे मॉड्युलर किचन करणाऱ्याकडे दोन्ही बाजूंना लॅमिनेट असलेल्या 18 मिमी बोर्डाचा उरलेला तुकडा मागा. घेण्याआधी तिथेच तपासा. बोर्डाच्या दोन टोकांवर दोन सरळ फूटपट्ट्या कडेवर आडव्या उभ्या करा, एक डोळा मिटा आणि जवळच्या पट्टीवरून लांबच्या पट्टीकडे बघा. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या तर बोर्डात पीळ नाही. खाली चार कोपऱ्यांना रबरी बूच लावा म्हणजे बोल्टची डोकी टेबलाला टेकणार नाहीत.

पाटाच्या मधोमध लांबीभर एक रेषा सुरीच्या टोकाने ओढा आणि तिच्यात बारीक पेन्सिल फिरवा. पेनची रेषा जाड येते आणि मग रेषेची कुठली कड धरायची हा घोळ होतो. त्या रेषेला काटकोनात प्रत्येक बल्कहेडची रेषा, अंतरं नकाशावरून घेऊन. नकाशाची झेरॉक्स थेट पाटावर चिकटवणार असाल तर आधी त्यावरचं 30 सेंटीमीटरचं अंतर मोजून बघा, झेरॉक्स मशीन कागद किंचित लांबवतं किंवा आखडवतं. गुण्याही तपासून घ्या. एक रेषा ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा.

जबड्यांसाठी ॲल्युमिनियमचा अँगल, 25 बाय 25, जाडी 3 मिमी. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे तुकडे पडलेले असतात. कीलच्या साधारण पाऊण लांबीचे दोन तुकडे कापून घ्या, 60 सेंटीमीटरच्या कीलला 45 पुरतात. एक जबडा पक्का, दुसरा सरकता. पक्क्या जबड्याच्या आडव्या बाजूला दर 12-13 सेंटीमीटरवर 6 मिमीची गोल भोकं. सरकत्यात त्याच ठिकाणी लांबट खाचा, म्हणजे शेजारी शेजारी दोन भोकं पाडून मधलं गोल कानशीने काढायचं. बोल्ट पाटाच्या खालून वर आणा, वरून वायसर आणि विंग नट. विंग नट अशासाठी की पाना शोधत बसावं लागत नाही आणि हाताने गरजेपेक्षा जास्त आवळलंही जात नाही.

पक्का जबडा बसवताना घाई नको. कील 5 मिमी जाड असेल तर जबड्याचा आतला चेहरा मध्यरेषेपासून बरोबर 2.5 मिमीवर आला पाहिजे, म्हणजे कीलचा मध्य रेषेवर येतो. तुमच्या किटच्या कीलची जाडी कॅलिपरने मोजा, पाकिटावर लिहिलेली धरू नका. सगळे बोल्ट हलके आवळून दोन्ही टोकांना अंतर मोजा, मग मध्ये, मग पक्के करा. जबड्यांच्या आतल्या बाजूला पॅकिंगची चिकटपट्टी लावून टाका. ओघळलेला फेविकॉल तिला चिकटत नाही.

आता एक गोष्ट जी जिग जोडताना हमखास सुटते. जहाजाची कील पोटाखाली फार थोडी बाहेर असते, या प्रमाणात सहा-सात मिलिमीटर. जबडा 25 मिमी उंच. कील थेट पाटावर उभी केली तर जहाजाचं पोटच जबड्यांवर येऊन बसणार आणि मधल्या बल्कहेडना जागाच उरणार नाही. म्हणून जबड्यांच्या मध्ये, कीलच्या खाली, 20 मिमी उंचीची एक लाकडी पट्टी उभी ठेवायची. तिची जाडी कीलएवढी, किंवा कागदाच्या जाडीने कमी. जास्त नको, नाहीतर जबडे पट्टीलाच धरतील आणि कील सैल राहील. कील त्या पट्टीच्या डोक्यावर उभी राहते, तिचे खालचे पाच मिलिमीटर जबड्यात जातात, बाकी सगळं मोकळं. विंग नटही अँगलच्या कडेपेक्षा खाली राहतात, बल्कहेडना लागत नाहीत. पट्टीची वरची कड रंध्याने एकदम सरळ करा, कारण कील उभ्या दिशेने किती सरळ बसणार हे तीच ठरवते.

कील जबड्यात घालण्याआधी ती मुळात सरळ आहे का ते बघा. सपाट काचेवर दोन्ही बाजूंनी ठेवून कुठे डुगडुगते ते पाहायचं. जिग वाकडी कील सरळ करत नाही, फक्त दाबून धरतो. नट सोडले की ती परत जाते तिथेच. किंचित बाक असेल तर पाणी फिरवून दोन सपाट फळ्यांच्या मध्ये वजनाखाली ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. मुंबई-कोकणातल्या पावसात याला वेळ लागतो, लागू द्या. तरीही बाक राहिला तर तोच आकार चांगल्या प्लायवर उतरवून नवी कील कापा. किटमधलाच भाग वापरला पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

मग दोरा. पाटाच्या दोन्ही टोकांना मध्यरेषेवर एकेक उभी काठी स्क्रूने बसवा, डोक्यावर बारीक खाच कोरा आणि एका खाचेतून दुसरीत काळा शिवणाचा दोरा ताणा. समोरून एका डोळ्याने बघा. दोरा, कीलची वरची कड आणि पाटावरची रेषा एकामागे एक आल्या पाहिजेत. नाळेकडचं आणि मागचं टोक जबड्यांच्या बाहेर राहतं आणि तिथेच कील झुकते, म्हणून दोन्हीकडे लाकडाचा छोटा ठोकळा लावून आधार द्या.

बल्कहेड आधी सगळे कोरडे बसवून बघा. खाच घट्ट असेल तर कानशीने मोकळी करा, ठोकून घालू नका. घट्ट बल्कहेड पाचरीसारखा कीलला वाकवतो. चिकटवायला सुरुवात मधून करा आणि पुढे-मागे आलटून पालटून जा. फेविक्विक नको, फेविकॉलच हवा, कारण तो हलवाहलवीला वेळ देतो. प्रत्येक बल्कहेडला तीन गोष्टी बघायच्या. दोन्ही टोकांची पाटापासूनची उंची सारखी आहे का. बाजूने बघितल्यावर तो पाटावरच्या आपल्या रेषेवर उभा आहे का. इथे ॲल्युमिनियमचे एल आकाराचे छोटे तुकडे कामाला येतात, मुलांचे लेगोचे ठोकळेही चालतात, त्यांचे कोपरे खरंच काटकोनात असतात. आणि तिसरी तपासणी, मला सगळ्यात आवडणारी: पाटाच्या पुढच्या टोकाला मध्यरेषेवर एक टाचणी ठोका आणि तिथपासून बल्कहेडच्या डाव्या व उजव्या टोकापर्यंतची अंतरं मोजा. सारखी असतील तर बल्कहेड कीलला काटकोनात आहे. मोजायला दोरा नको, तो ताणला जातो; पातळ लाकडी पट्टीवर खूण करा आणि तीच खूण दुसऱ्या बाजूला लावून बघा. मोठी लाकडी जहाजं बांधणारे कारागीर फासळ्या याच पद्धतीने तपासत, आणि लहान मॉडेललाही यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही जहाजांची, विशेषतः बाल्टिमोर पद्धतीच्या स्कूनर जातीच्या शिडाच्या जहाजांची, कील पाण्याच्या रेषेला समांतर नसते, मागे जास्त खोल असते. तुमचं किट तसं असेल तर बल्कहेड कीलला काटकोनात आहेत की पाण्याच्या रेषेला, हे नकाशात बघा. पाण्याच्या रेषेला असतील तर कीलखालची ती 20 मिमीची पट्टी उताराची कापा, म्हणजे पाण्याची रेषा पाटाला समांतर येते आणि गुण्या पुन्हा उपयोगी पडतो.

बल्कहेड वाळले की लगेच जिग सोडायचा मोह होईल. सोडू नका. या टप्प्यावर सांगाडा हाताने पिळला जातो, बिनझाकणाचा खोका पिळतो तसा. आधी बल्कहेडच्या मध्ये कीलला लागून लाकडाचे ठोकळे भरा, निदान पुढच्या आणि मागच्या दोन-तीन गाळ्यांत. मग प्लायची डेकची फळी जिगमध्येच चिकटवा. ती मधून फुगीर आणि पुढे-मागे उचललेली असते, त्यामुळे एकदा वाळली की पीळ बसायला जागाच राहत नाही. बल्कहेडच्या कडा घासून पट्टीच्या वळणाला आणायचं कामही बरंचसं इथेच होतं. एक पातळ पट्टी तीन-चार बल्कहेडवरून टेकवत जा, जिथे ती फक्त कडेला टेकते तिथे घासा, जिथे अंतर राहतं तिथे पातळ चकती चिकटवा.

पहिल्या पट्ट्या डेकच्या खालून, डावीकडे एक, उजवीकडे एक. एका बाजूला सलग चार-पाच मारल्या तर ओला फेविकॉल आणि वाकवलेल्या पट्ट्यांचा ताण दोन्ही मिळून सांगाडा ओढतात, जिग असला तरी. दोन्हीकडे चार-पाच झाल्या की जिगचं काम संपलं. कीलला लागून जाणारी सगळ्यात खालची पट्टी जबड्यात असताना बसतच नाही, तिथे जबडेच आडवे येतात. तेव्हा जहाज काढून उलटं करा आणि फोमच्या दोन तुकड्यांवर डेक खाली करून ठेवा.

पाट मोडीत काढू नका. डोलकाठ्या उभ्या करताना तो पुन्हा लागतो. जबड्यांच्या आत पातळ फेल्ट लावून जहाज हलकेच उभं करा, तोच दोरा ताणा आणि समोरून बघून काठ्या रेषेत आणा. किटचं नाव, कीलची जाडी आणि तुम्ही कुठल्या शहरात आहात ते खाली लिहा, म्हणजे पाटाचं आणि अँगलचं नेमकं माप काढून देतो.