बुजवलेल्या जागेवर तोच रंग लावला, तरी भिंतीवर चौकोन का दिसतो?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये स्वीचबोर्ड हलवला, जुनी जागा गवंड्याने बुजवली, माळ्यावरच्या डब्यातला तोच रंग दोनदा लावला, तरी संध्याकाळी लाइट लागली की चौकोन उठून दिसतो.

तिसरा हात मारू नका, डबा तसाच संपेल. माझं रंगाचं दुकान आहे आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, लावलेला नसतो. बुजवलेली जागा गुळगुळीत करायला लावलेली पुट्टी उघडी राहिली, तर ती रंगातलं पाणी आणि चिकटपणा ओढून घेते, शेजारचा जुना रंग काहीच ओढत नाही. मग शेड एकच असूनही तेवढा तुकडा मळकट, बिनचमकेचा दिसतो.

आधी दोष नेमका कुठे आहे ते बघा. रात्री सगळे दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च लावून तो भिंतीला टेकवून आडवा धरा. कडेला सावली पडली तर पुट्टीची कड उंच राहिलीय. सावली नाही, नुसतं निस्तेज दिसतंय, तर प्रायमरचं काम.

कड उंच असेल तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने ती उतरवा आणि पुट्टीचा एक पातळ हात चौकोनाच्या बाहेर चारी बाजूंना वीतभर पसरवा. चादरींच्या गावात रफू काय सांगायचं! धागा भोकाच्या काठाशी थांबत नाही, आजूबाजूच्या विणीत मुरतो. पुट्टी तशीच मुरली पाहिजे. वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर, ओल्या फडक्याने धूळ पुसणं, मग प्रायमर.

गवंड्याने सिमेंट भरलं असेल तर मात्र घाई नको. आठवडाभर पाणी मारून पुढे महिनाभर वाळू द्यावं, नाहीतर सिमेंटमधला क्षार वर येऊन रंग खातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वरून दोन दिवसांत खडखडीत दिसतं, त्यावर जाऊ नका.

रंग लावताना ब्रश ठेवून द्या. आधीची भिंत रोलरची असेल तर तिच्यावर बारीक दाणा असतो, ब्रशच्या रेघा त्यात कधीच मिसळत नाहीत. लहान रोलर घ्या, जुना रंग फडक्यातून गाळून खालपर्यंत ढवळा, कडेला रोलर जवळजवळ कोरडा करत बाहेर न्या. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी लवकर करा, पंखा बंद ठेवून. दुपारी रंग रोलरवरच सुकायला लागतो आणि जोड दिसतो. शेडचा निकाल दुसऱ्या दिवशी लावा, ओला रंग फसवतो.

आता न आवडणारी गोष्ट. भिंतीवर ओला तळवा घासून बघा. हाताला रंग आला तर ते डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा सुटणारा स्वस्त रंग आहे, त्यावर ठिगळ जुळत नाही. चकचकीत फिनिश असेल किंवा रंग चार-पाच वर्षांचा असेल, तरीही तुकडा जुळवत बसू नका. तुकड्यावर प्रायमर मारून तेवढी एकच भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवा. शेजारच्या भिंतीशी थोडा फरक राहिला तरी कोपऱ्यात उजेडच बदलतो, कुणाच्या लक्षात येत नाही. १० बाय १० फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी दीड-दोन लिटर पुरतं. दुकानात जाताना जुन्या डब्याच्या झाकणाचा फोटो न्या, शेडचा नंबर बहुधा तिथेच चिकटवलेला असतो.