विलिजेल्मोचे नाव दगडावर कसे आले?

प्रश्न : मध्ययुगीन युरोपातील शिल्पकार आपले नाव मागे ठेवत नसत, असा माझा समज होता. परंतु इटलीतील मोडेना येथील कॅथेड्रलवर विलिजेल्मो नावाच्या शिल्पकाराचा उल्लेख कोरलेला आहे, असे वाचनात आले. हा कोण होता आणि त्याच्या कामाचे वैशिष्ट्य काय?

उत्तर : आपला समज बराचसा खरा असला, तरी उत्तर इटलीने त्याला ठळक अपवाद दिले आहेत आणि विलिजेल्मो हा त्यांतला फार मोठा अपवाद आहे. मोडेनाच्या कॅथेड्रलचे बांधकाम स्थपती लानफ्रांको याच्या देखरेखीखाली 1099 मध्ये सुरू झाले. दर्शनी भिंतीवर हनोख आणि एलीया, म्हणजे बायबलनुसार ज्यांना मृत्यू आला नाही असे दोन पुरुष, एक शिलालेख हाती धरून उभे आहेत. पायाभरणीची नोंद संपल्यावर त्याच लेखात, ‘विलिजेल्मो, शिल्पकारांमध्ये तू किती सन्मानास पात्र आहेस, हे आता तुझ्या शिल्पांतूनच स्पष्ट होते’, अशा अर्थाच्या लॅटिन ओळी येतात. त्याच्याविषयीचा समकालीन लेखी पुरावा एवढाच. बाकी सारे त्याच्या शिल्पांवरूनच ओळखावे लागते.

त्याच भिंतीवरील चार शिल्पपट्टांत आदामाच्या निर्मितीपासून महाप्रलयातून वाचलेला नोहा तारवातून (मोठ्या नौकेतून) बाहेर पडेपर्यंतची बायबलमधील कथा आहे. माझ्या मते त्यांतील सर्वांत हृदयस्पर्शी दृश्य स्वर्गोद्यानातून हाकलल्यानंतरचे आहे. आदाम आणि हव्वा वाकून कुदळीने जमीन खणत आहेत, आणि ठेंगण्या, जड देहांच्या त्या दोघांचे श्रम पाहणाऱ्याच्या पाठीलाही जाणवावेत, इतके वजन त्या दगडात उतरले आहे. शेवटच्या पट्टातील काइनाचाच वंशज असलेल्या आंधळ्या लामेखाच्या बाणाने काइनाला, म्हणजे भावाचा खून करणाऱ्या आदामाच्या मुलाला, आलेला मृत्यू बायबलमध्ये नाही. तो जुन्या यहुदी आख्यायिकेतून आला आहे.

ही घनता त्याला कोठून मिळाली असावी, याची एक खूण तेथेच आहे. मोडेना हे प्राचीन रोमन नगर मुतिना. तेथे जमिनीखाली सापडलेले रोमन दगड या बांधकामात वापरले गेले, आणि विलिजेल्मोने कोरलेले, उलटी मशाल धरलेले पंखधारी बालकदेवही रोमन शवपेट्यांवरील जुन्या नमुन्याचेच आहेत.

प्रत्यक्ष पाहायला गेलात, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : बाजूची दारे नंतर उघडण्यात आली, तेव्हा दोन पट्ट उचलून त्या दारांवर बसवण्यात आले. त्यामुळे कथेचा आरंभ आणि शेवट मान वर करूनच पाहावा लागतो.