सोळातले पाच कॅमेरे बंद

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी रात्रीचा चौकीदार आहे. मुलीचं आयटीआय यंदा पूर्ण झालं, ट्रेड इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. वर्ध्याची एक सीसीटीव्ही बसवणारी फर्म तिला घ्यायला तयार आहे. नातेवाईक म्हणतात, "पोरीले कायले शिडीवर चढवता?" माझी शंका वेगळी आहे. आमच्या मालकानं सोळा कॅमेरे लावले. तीन हंगामांत पाच बंद पडले, तसेच आहेत. मालक म्हणतो, नुसता खर्च. ज्याची मालकालाच किंमत नाही, त्या धंद्यात पोरीनं जावं का?

उत्तर :

भाऊ, नमस्कार.

‘नुसता खर्च’ हे तुमच्या मालकाचं म्हणणं खोटं नाही. त्याला कोणीतरी कॅमेरे विकले, पण कॅमेऱ्यांमुळे कुठलं नुकसान थांबेल ते सांगितलं नाही. हे रुपयांत मांडून दाखवणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. तुमच्या मुलीला जागा तिथेच आहे.

तुमचंच जिनिंग घ्या. एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सेकंदाला दोन मेगाबिटनं धरलं, तर दिवसाला 21.6 जीबी होतं. सोळा कॅमेऱ्यांचं साधारण 345 जीबी. डिस्क चार टीबीची, म्हणजे 4,000 जीबीची असेल, तर साडेअकरा दिवसांत जुन्यावर नवं चढतं. आणि ट्रकमधून रुईच्या गाठी कमी पोचल्याची तक्रार समजा वीस दिवसांनी आली? कॅमेरा चालू होता, पण हवा तो दिवस पुसला गेला. तीस दिवस ठेवायचे तर साडेदहा टीबी लागतात. 170 किलोच्या गाठीचे 25,000 रुपये धरा. एक गाठ वाचली तरी डिस्कच्या खर्चाचा मोठा भाग निघतो. हा हिशेब आयटीआय झालेली मुलगी वहीवर मांडू शकते, आणि मालकाला तो लगेच कळतो.

गाड्यांच्या वजनकाट्याचंही तसंच. भरलेली गाडी, रिकामी गाडी, तिचा नंबर आणि वजनाचा आकडा वेळेसकट एकत्र नोंदला गेला, तर वाद पाच मिनिटांत मिटतो. नाही तर भर हंगामात मागे गाड्यांची रांग लागते. इथे कॅमेरा शेतकऱ्याच्याही बाजूनं साक्ष देतो, आणि मला ते मालकाच्या बचतीइतकंच मोलाचं वाटतं.

आगीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. कापसातून खडा किंवा खिळा रोलरमध्ये गेला की ठिणगी उडते आणि रुईत आतल्या आत धुमसत राहते. कॅमेरा आग विझवत नाही. तिथे ठिणगी ओळखणारा सेन्सर हवा, भरलेली पाण्याची टाकी हवी आणि तुम्ही हवे. ‘कॅमेरे लावा, चौकीदार कमी करा’ असं सांगून माल विकणाऱ्या फर्ममध्ये मुलीला पाठवू नका. गंजीतून धूर निघाला तर धावणारा माणूस लागतोच, हे तिला तुमच्या घरात कोणी वेगळं शिकवायला नको.

आता नोकरीचं. पहिली एक-दोन वर्षं शिडी चुकणार नाही, आणि चुकू नये. केबल स्वतः ओढल्याशिवाय अंदाजपत्रक नीट करता येत नाही. पण रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारा : सेफ्टी बेल्ट मिळतो का, उंचीवर काम करताना खाली दुसरा माणूस असतो का, आणि उशीर झाला तर घरी सोडायची सोय काय. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर दुसरी फर्म बघा. सुरुवातीचा पगार कमीच असतो. पुढे पैसा येतो तो आराखडा करण्यातून आणि वार्षिक देखभालीच्या करारातून. त्यासाठी तिनं नेटवर्किंग शिकावं. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे, तीही डोळ्यांसमोर असू द्या. एप्रिल 2025 पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवून निघून जाणाऱ्या फिटरपेक्षा तिला जास्त यायला हवं. जिनिंगमध्ये बायाही कामाला असतात. कॅमेरा कुठे लावायचा नाही, हेही तिनं मालकाला ठामपणे सांगितलं पाहिजे.

एक करा. दिवाळीआधी, हंगाम सुरू व्हायच्या आत, मालकाची परवानगी घेऊन तिला एक दिवस जिनिंगमध्ये न्या. ते पाच कॅमेरे का बंद आहेत ते तिला शोधू द्या : काचेवर रुईची धूळ आहे, उंदरानं केबल कुरतडली आहे, विजेच्या चढउतारानं सप्लाय जळला आहे, की नेटवर्कची केबल 100 मीटरपेक्षा लांब ओढली आहे. दुरुस्तीचा खर्च एका बाजूला आणि तो कॅमेरा कशावर नजर ठेवतो ते दुसऱ्या बाजूला, असा एक कागद तिनं मालकासमोर ठेवावा. मालक काय म्हणाला ते मला जरूर कळवा.