रोज सकाळी पुण्यात तळजाई टेकडीवर चालायला जातो. फिटनेस बँड घ्यावा का? त्याच्या पावलांवर कितपत विश्वास ठेवायचा?

घ्या, पण साधा बँड पुरे. पावलं मोजायला महागडं घड्याळ लागत नाही.

बँड मुख्यतः हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतो. त्यामुळे मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलात किंवा बाबागाडी ढकललीत, तर आकडा कमी भरतो. उलट खड्ड्यांतून स्कूटर चालवली की न चाललेली पावलंही कधीकधी जमा होतात. पुण्यात हा बोनस फुकट!

१०,००० पावलांचं दडपण घेऊ नका. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या (पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या) नावातून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणून एकूण पावलांपेक्षा वेग बघा: मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे मध्यम चाल. गप्पा मारत रमतगमत घातलेल्या फेऱ्या पावलांत दिसतात, व्यायामात फारशा नाहीत.

पर्वतीच्या पायऱ्या चढताना मात्र पावलं फसवी. तीच पावलं सारसबागेत सपाटीवर टाकली तर दम लागत नाही. पायऱ्यांवर हृदयाचे ठोके बघा, आणि त्यासाठी पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्टसर बांधा. सैल पट्ट्यावरचे ठोके म्हणजे अंदाजपंचे.

कॅलरीचा आकडा सोडून द्या. त्याच्या भरवशावर परतताना वडापाव तर अजिबात खाऊ नका.